वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: सर्जनच्या पहिल्या भेटीआधीपासून वर्षभरानंतरपर्यंत

‘स्लीव्ह करू की बायपास?’ म्हणजे जठर कापून अरुंद करायचं की अन्नाची वाट आतड्याकडे वळवायची, बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन सर्जनसमोर बसतात. तो प्रश्न बराच नंतरचा आहे. छातीत जळजळ होते का, मधुमेह किती वर्षांचा आहे, सांधेदुखीच्या गोळ्या रोज लागतात का आणि आयुष्यभर गोळ्या घेणं व दर वर्षी रक्त तपासणं जमेल का, या चार उत्तरांनंतर शस्त्रक्रियेचं नाव पुष्कळदा आपोआप ठरतं. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

१. आधी आकडा काढा

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. वजन ११० किलो आणि उंची १६० सेंटीमीटर असेल तर ११० भागिले २.५६, म्हणजे जवळपास ४३.

१९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत वजनाशी निगडित आजार असेल, तरच शस्त्रक्रिया सुचवली जायची. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी हे निकष बदलले. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो, शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर तिचा विचार करता येतो. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विमा कंपनीचे निकष मात्र जुनेच असू शकतात, तेव्हा पॉलिसीतलं कलम आधी वाचून घ्या.

आता अपेक्षेचा हिशोब. सर्जन ‘जादा वजनाच्या ६० टक्के’ असं म्हणतात तेव्हा ते एकूण वजनाचे ६० टक्के नसतात. वरच्या उदाहरणात बीएमआय २५ येण्यासाठी वजन ६४ किलो हवं. जादा वजन ४६ किलो, त्याचे ६० टक्के सुमारे २८. म्हणजे ११० चे ८२ होतील, ६४ नाही. हा हिशोब आधीच पटला नसेल तर यशस्वी शस्त्रक्रियाही फसल्यासारखी वाटते.

गरोदरपण, चालू असलेलं दारू किंवा नशेचं व्यसन आणि उपचाराविना असलेला गंभीर मानसिक आजार ही शस्त्रक्रिया निदान पुढे ढकलण्याची कारणं आहेत. वजन थोड्या काळात झपाट्याने वाढलं असेल तर थायरॉइड आणि कॉर्टिसोल तपासून घ्या. मूळ रोग हार्मोनचा असेल तर उपचारही त्याचाच व्हायला हवा.

२. कोणत्या शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी: जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून शरीराबाहेर काढतात. उरते केळ्यासारखी अरुंद नळी, तिच्यात १०० ते १५० मिली मावतं. कापताना मापासाठी जठरात एक जाड रबरी नळी घालतात आणि तिच्या कडेने स्टेपलर चालवत नेतात. भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन बहुतांशी जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागच गेल्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक खरोखर कमी लागते. आतड्याला हात लागत नाही. कापलेलं जठर परत जोडता येत नाही.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास: जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण त्यातून अन्न जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचे रस दुसऱ्या फाट्याने येऊन पुढे अन्नाला मिळतात. यात जोड दोन.

एका जोडाची बायपास, म्हणजेच मिनी बायपास: लांबट पिशवी करून आतड्याचा सुमारे १५० ते २०० सेंटीमीटर भाग वगळतात आणि एकच जोड देतात. वेळ कमी लागतो आणि वजन चांगलं उतरतं. पण पित्त त्या पिशवीत आणि कधी अन्ननलिकेत चढण्याचा धोका राहतो.

ड्युओडेनल स्विच आणि तिचा एका जोडाचा प्रकार ‘सादी’ (SADI): आधी स्लीव्ह, मग आतड्याचा बराच मोठा भाग वगळणं. सगळ्यात जास्त वजन यातच उतरतं आणि प्रथिनं-जीवनसत्त्वांची सगळ्यात जास्त कमतरताही यातच होते. नियमित तपासणीला येण्याबद्दल जराही शंका असेल तर हा पर्याय सोडून द्या.

गॅस्ट्रिक बँड: जठराभोवती फुगवता येणारा पट्टा. तो सरकतो, कधी जठरात रुततो आणि अनेकांचा शेवटी काढावाच लागतो. आज याची शिफारस क्वचितच होते.

पोटातला फुगा आणि एन्डोस्कोपीतून जठराला आतून टाके घालणं हे प्रकार अनेकदा याच यादीत दाखवले जातात, पण त्यांत पोटावर छेद नसतो. फुगा बहुधा सहा महिन्यांत काढतात आणि त्यानंतर वजन परत वाढण्याची शक्यता बरीच असते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी वजन थोडं उतरवण्यासाठी त्याचा खरा उपयोग होतो.

स्लीव्हनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के, तर बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. व्यक्तीव्यक्तीत फरक मोठा असतो. अनुभवी केंद्रात मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेइतकाच असतो.

३. तुमच्या आजारांवरून निवड

छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं: सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच मुद्द्याकडे होतं. स्लीव्हनंतर जठर अरुंद नळी होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. आधी जळजळ असेल तर ती वाढू शकते, नसेल तर नव्याने सुरू होऊ शकते. काहींना याच कारणासाठी पुढे स्लीव्हची बायपास करून घ्यावी लागते. अन्ननलिकेला सूज किंवा तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल दिसला असेल तर रू-एन-वाय बायपास हाच सहसा योग्य मार्ग. स्लीव्ह झालेल्यांनी त्रास नसला तरी काही वर्षांच्या अंतराने एन्डोस्कोपी करावी.

टाइप २ मधुमेह: बायपासमध्ये साखर आटोक्यात येण्याचं प्रमाण जास्त आहे. वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत आकडे खाली येऊ लागतात. मधुमेह नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झालेलं नसेल तर फायदा जास्त. १५ वर्षांचा मधुमेह पूर्ण जाईल असं कोणी ठामपणे सांगत असेल तर सावध राहा. गेलेला मधुमेह काही वर्षांनी परतही येतो.

सांधेदुखीसाठी रोजच्या वेदनाशामक गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या (एनएसएआयडी) गोळ्यांनी बायपासच्या जोडाजवळ व्रण होतो आणि तो फुटूही शकतो. या गोळ्या सुटणार नसतील तर स्लीव्ह बरी. धूम्रपानाचंही तसंच. सिगारेट सुटणार नसेल तर बायपास करूच नये.

क्रोन्ससारखा आतड्याचा आजार, पोटाच्या आधीच्या शस्त्रक्रियांमुळे चिकटलेली आतडी, किंवा प्रत्यारोपणानंतरची, रक्तात नेमक्या प्रमाणात टिकावी लागणारी औषधं: इथे बहुधा स्लीव्ह.

बीएमआय ५० च्या वर: कधी टप्प्याने करतात. आधी स्लीव्ह, वजन उतरल्यावर दुसरी शस्त्रक्रिया. स्लीव्हचा उगमही असाच झाला. ती मुळात ड्युओडेनल स्विचचा पहिला टप्पा होती, पुढे स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रुळली.

४. सर्जनला काय विचाराल

वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? स्टेपलच्या रेषेतून किंवा जोडातून गळती किती जणांना झाली आणि तेव्हा काय केलं? बायपासमध्ये आतड्यांच्या पडद्यातल्या फटी शिवून बंद करता का? (त्या उघड्या राहिल्या तर पुढे आतडं त्यात अडकू शकतं.) एका जोडाची बायपास असेल तर पुढे किती आतडं उरतंय हे मोजता का? मध्यरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? आणि आहारतज्ज्ञ फक्त शस्त्रक्रियेपुरत्या आहेत की वर्षभर?

पहिल्याच भेटीत, एन्डोस्कोपी न करता, शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख दोन्ही ठरत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

५. कागदपत्रं आणि तपासण्या

एका फाइलमध्ये हे जमवा:

– ओळखपत्र, विम्याची पॉलिसी आणि पूर्वमंजुरीचा अर्ज
– आधी केलेल्या आहार, व्यायाम, औषधोपचाराच्या नोंदी, तारखांसह (विमा कंपनी बहुधा मागते)
– सगळ्या चालू औषधांची यादी, मात्रेसकट. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि वजन कमी करणारी इंजेक्शनंही धरा
– जुन्या शस्त्रक्रियांचे कागद आणि ॲलर्जीची नोंद
– सीपॅप (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) वापरत असाल तर त्याची सेटिंग्ज

तपासण्यांत हिमोग्राम, यकृत, मूत्रपिंड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल ठरलेले असतात. त्यांसोबत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही करून घ्या. वजन जास्त म्हणजे पोषण भरपूर, हा गैरसमज आहे. ड जीवनसत्त्व आणि लोह आधीच कमी असणारे पुष्कळ निघतात, आणि शस्त्रक्रियेनंतर ती तूट भरून काढणं अवघड जातं. याशिवाय एन्डोस्कोपी (हेलिकोबॅक्टर जंतूच्या तपासणीसह), पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, गरजेप्रमाणे इको, आणि घोरण्याचा त्रास असेल तर झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांची भेट म्हणजे नापास करणारी परीक्षा नव्हे. ताण आला की खाणं किंवा एका बैठकीत अनावर खाणं अशा सवयी असतील तर त्या लपवू नका. शस्त्रक्रिया जठरावर होते, सवयीवर नाही.

६. आधीचे दोन ते चार आठवडे

या काळात रोज ८०० ते १००० कॅलरींचा, कमी पिष्टाचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार देतात. कारण असं: यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि शस्त्रक्रियेत तो उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेलं यकृत जड आणि ठिसूळ असतं, उचलताना फाटून रक्त येतं. दोन आठवड्यांच्या आहाराने ते दिसण्याइतकं आक्रसतं. आदल्या आठवड्यातली ‘शेवटची मेजवानी’ हा नेहमीचा सापळा. त्या दोन-तीन जेवणांनी यकृत पुन्हा भरतं.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन या आहारात तसंच चालू ठेवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्या. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. सेमाग्लुटाइडसारखी वजन कमी करणारी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. शेवटचा डोस कधी घेतला ते भूलतज्ज्ञांना तारखेसह सांगा. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, त्या किती आधी थांबवायच्या ते विचारा. सिगारेट निदान सहा आठवडे आधी बंद.

७. रुग्णालयात आणि घरी आल्यावर

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, चार-पाच लहान छेदांतून होते आणि साधारण एक ते तीन तास चालते. त्याच दिवशी चालवतात, कारण पायातल्या गुठळ्या टाळायच्या असतात. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं अनेकांना घरीही काही आठवडे घ्यावी लागतात. सीपॅप असेल तर सोबत न्या. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. चार ते सहा आठवडे जड काही उचलू नका.

खांद्यात दुखणं पहिले दोन-तीन दिवस अनेकांना होतं. पोट फुगवायला वापरलेल्या वायूमुळे ते होतं आणि चालण्याने कमी होतं. पण वाढत जाणारी पोटदुखी आणि बसल्या जागी मिनिटाला १२० च्या आसपास नाडी असेल तर ती वायूची कळ समजू नका. स्टेपलच्या रेषेतून गळती झाली की पोट कडक होण्याच्या किंवा ताप येण्याच्या आधी नाडी वाढते. गळती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते, म्हणजे तुम्ही घरी आलेले असता. म्हणून नाडी मोजायला शिका आणि दिवसातून दोनदा लिहून ठेवा. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, धाप, पोटरीला सूज, काळी शौच, पाणीही न ठरणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

८. खाणं टप्प्याटप्प्याने

पहिला-दुसरा दिवस पाणी आणि गाळलेले पातळ पदार्थ. मग दोन आठवडे दूध, सूप, प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटलेलं, गाळणीतून जाईल इतकं मऊ. पाचव्या-सहाव्यात चमच्याने मोडेल असं. त्यानंतर हळूहळू नेहमीचं. केंद्रागणिक थोडा फरक असतो. तुमच्या आहारतज्ज्ञांचा तक्ता शेवटचा.

सुरुवातीला औषधाच्या ३० मिलीच्या कपाने प्या. एक कप पंधरा मिनिटांत, घोट-घोट. दिवसाला दीड लिटर या वेगाने भरायचं तर दिवसभर कप हातातच लागतो. पहिल्या महिन्यात परत भरती व्हावं लागण्याचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हे आहे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तासही नाही.

ताटात पहिला मान प्रथिनांचा. रोज ६० ते ८० ग्रॅम लागतात. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, म्हणजे निव्वळ अंड्यांवर भागवायचं तर दहा खावी लागतील. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत पावडरीला पर्याय नसतो. घास नखाएवढा घ्या, वीस-पंचवीस वेळा चावा, चमचा खाली ठेवा. छातीच्या हाडामागे दाब जाणवला की तिथेच थांबा. काहींना उचकी लागते, काहींचं नाक वाहू लागतं. त्यानंतरचा एक घास उलटी करवतो. कोरडं मांस आणि मऊ ताजा पाव या दोन गोष्टी सर्वांत जास्त अडकतात.

बायपासनंतर गोड खाल्लं तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून चक्कर येणं हा त्याचाच उशिराचा प्रकार. दोन्ही वेळा इलाज एकच, साखर कमी आणि प्रथिनं आधी.

९. गोळ्या, आयुष्यभरासाठी

– मल्टिव्हिटॅमिन: लोह, तांबं, जस्त आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) असलेलं. चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांत बहुधा लोह नसतं, त्यांवर विसंबू नका.
– कॅल्शियम सायट्रेट: दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० च. कार्बोनेट पचायला आम्ल लागतं, आणि तेच आता कमी असतं.
– ड जीवनसत्त्व: सहसा रोज ३००० युनिटपासून, पुढे रक्तातल्या पातळीप्रमाणे.
– बी-१२: तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन.
– लोह: पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपासवाल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर.

बी-१२ चा साठा शरीरात दोन-तीन वर्षं पुरतो. म्हणून गोळ्या सोडल्या तरी बराच काळ काहीच बिघडत नाही, आणि मग पायांना मुंग्या येऊ लागतात. थायमिनचं उलट, त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सतत उलट्या होत असतील तर डोळे नीट न हलणं, तोल जाणं, गोंधळणं इथपर्यंत गोष्ट जाते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवणं धोक्याचं. आधी थायमिन द्यावं लागतं, हे इमर्जन्सीत स्वतः सांगा.

काही महिने आम्ल कमी करणारी गोळी आणि सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, ते टाळण्यासाठी ही दुसरी गोळी. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा पहिल्या आठवड्यांतच बदलू शकते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पूर्ण शोषल्या जात नाहीत, त्या बदलून घ्या.

१०. पहिलं वर्ष आणि पुढे

तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दर वर्षी. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. वजन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच एकदा ठप्प होतं. काट्यावर रोज चढू नका, आठवड्याला एकदा पुरे.

गर्भधारणा १२ ते १८ महिने टाळायची. वजन उतरू लागलं की अनियमित पाळी नियमित होते आणि अनपेक्षित दिवस जातात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, दुसरं साधन वापरा. दारू लवकर चढते आणि बायपासनंतर तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो. लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत वाढणं अपेक्षित असतं. बरंच वाढलं तर लाजून तपासणी टाळू नका. आता त्यावर औषधंही आहेत.

बायपासनंतर वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, जेवणानंतर येणारी आणि जाणारी जोराची कळ आतल्या हर्नियाची, म्हणजे उघड्या राहिलेल्या फटीत आतडं अडकल्याची, असू शकते. कळ थांबली तरी दाखवा. आतडं पिळलं गेलं तर हाताशी काही तासच असतात, आणि साध्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही, सीटी स्कॅन लागतो.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी नुसती समरी घेऊन निघू नका, शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागा: कोणता प्रकार, पिशवी केवढी, आतड्याचे फाटे किती सेंटीमीटरचे, फटी शिवल्या का. तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. पाकिटात चार ओळींची चिठ्ठी असू द्या: शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, ‘वेदनाशामक एनएसएआयडी नकोत’, ‘नाकातून जठरात नळी अंदाजाने घालू नये’, ‘उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन’.